चहाचा शॉट

पहिल्या फिल्ममध्ये ह्यांना तोंड नव्हतं.
खिडकीकडे पाठ, चेहऱ्यावर काळोख,
आवाज असा जाड केलेला की आडात म्हैस हंबरावी.
नाव बदललेलं, खातंही सांगितलं नव्हतं.
फक्त हात दिसत होते, टेप उलगडणारे.
आश्रमशाळेचा स्लॅब, कागदावर पाच इंच,
जागेवर साडेतीन.
आणि उजवी करंगळी,
लहानपणी रहाटात सापडून वाकडी झालेली.
सोमवारी ऑफिसात पाण्याचा ग्लास ठेवताना शिपायाने विचारलं,
"बोरावके साहेब, मेकअप कुणी केला?"
गुरुवारी बदलीची ऑर्डर. भामरागड.

दुसरी करायला बाहेरदेशाहून माणसं आली.
तोवर निलंबन, अर्धा पगार,
धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या,
नळाला पाणी पहाटे चार ते पाच.
त्यांनी ह्यांना कालव्याच्या कडेने सात वेळा चालवलं.
जरा हळू. जरा खाली बघून.
सातव्या वेळी ह्यांनी गुडघा धरला,
तेवढाच त्यांनी ठेवला, मागे सारंगी लावून.
मलाही तीनदा चहा आणायला लावला.
दूध संपलं, तिसऱ्या वेळी कपात साधं पाणी.
आतलं दिसत नाही, म्हणाले.
हे फुंकर मारून प्याले.
उभ्या नोकरीत खोटं केलं नाही ते असं
कुणाच्या तरी सांगण्यावरून.

लॉ कॉलेज रस्त्यावर ती दाखवली तेव्हा लोक उभे राहिले.
एका बाईंनी ह्यांच्या हाताला हात लावून
तो कपाळाला लावला.
बाहेर रिक्षावाला दीडपट मागत होता.
बारा वाजायला दहा मिनिटं होती.
हे त्याच्याशी दहा मिनिटं भांडले
आणि बारा वाजले.

सगळे एकच विचारतात, मग पडला का स्लॅब?
हे म्हणतात, नाही.
विचारणारा जरासा हिरमुसतो, मी पाहिलंय.
मुलं अजून त्याच्याखाली झोपतात,
हे पुढचं वाक्य
तिन्ही फिल्ममध्ये कापलेलं आहे.

तिसरी जुईली केंजळेची. एकटी मुलगी, एक कॅमेरा,
ओठांवर बिस्किटाचा चुरा.
तिने कॅमेरा स्वयंपाकघराकडे वळवला.
"काकू, तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

मी काय करत होते.
शुक्रवारी संध्याकाळी मोजमाप वह्या घरी आल्या,
सोमवारी साडेनऊला कपाटात परत हव्या होत्या.
मी त्या मेथीच्या जुड्यांखाली घालून
अप्पा बळवंत चौकात नेल्या.
मुलाच्या नोट्स आहेत, म्हटलं. आम्हाला मुलगा नाही.
दोनशे चौदा पानं. मशीन सारखं अडकत होतं.
एका पानावर शिक्का दिसला तसा दुकानदार थांबला,
बाहेरचा दिवा मालवला, शटर अर्धं ओढलं,
"बसा ताई," म्हणाला,
आणि पैसे शंभरच पानांचे घेतले.
त्याचं नाव मी विचारलं नाही.
आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

चौकशीत अजून तोच प्रश्न आहे:
नकला कुणी काढल्या?
पेन्शन त्यावर अडलेली.

"चहा करत होते," मी म्हटलं.

जुईलीने माझी आधीची शांतता ठेवली.
पंखा ऐकू येतो, शेजारच्या कुकरची शिट्टी,
मी ओट्यावरचा कोरडाच डाग पुसतेय.
लोकांना वाटलं असेल, बाई दमलीय.
दिवे लागले तेव्हा
शेजारच्या खुर्चीत हे म्हणाले,
"अकरा सेकंद."
मोजले होते.
मी म्हटलं, चला, आधी रिक्षा बघा,
बारा वाजतील.